सुट्टीतली सांदवाडी आणि सुईदोरा

परीक्षा संपली. "पेपर कसा गेला?" हे विचारून विचारून घरातली मोठी माणसंही दमली. आता सुट्टी! पहिले चार दिवस कसे भुर्रकन उडून जातात. पाचव्या दिवशी मात्र दुपारी बाराच्या सुमारास घराघरातून एकच आरोळी ऐकू येते, "आई, मी आता काऽऽय करू?"

बालमित्रांनो, आमच्या साकोलीला हा प्रश्न जरा जास्तच मोठा आहे. साकोली म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. नागझिऱ्याच्या जंगलात वाघ बघायला निघालेली मंडळी इथूनच पुढे जातात. इथे उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. 25 मेच्या सुमाराला नवतपा लागला की रस्त्यावरचं डांबरसुद्धा मऊ पडतं. म्हणून तर उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, आणि विदर्भातल्या मुलांची सुट्टी मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबते. ऐकून हेवा वाटला ना? पण थांबा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घराबाहेर पाऊल टाकायची सक्त मनाई असते, ते कुणी सांगत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या आजीने या सुट्टीचे सरळ दोन तुकडे करून टाकले होते. ऊन नसेल तेव्हा सांदवाडी, ऊन असेल तेव्हा सुईदोरा. सांदवाडी हा आमच्या झाडीबोलीतला शब्द. घरामागच्या मोकळ्या जागेत चार भाज्या लावतात ना, ती सांदवाडी. पुण्यामुंबईची मंडळी तिला परसबाग म्हणतात. तुमच्याकडे घरामागे जागा नसेल तर गॅलरीतल्या चार कुंड्या हीच तुमची सांदवाडी. नियम तेच.

उन्हाळ्यात काय लावायचं?

"उन्हाळ्यात कुठे बाग होते का?" असं म्हणणारे लोक अर्धं खरं बोलतात. सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, या दिवसांत रुसते. धण्याला गरम माती आवडत नाही. उगवलीच तर हातभरही न वाढता फुलावर येते. पालकाचंही तेच. त्यांच्याशी झगडण्यात अर्थ नाही, त्यांना थंडीत बोलवावं.

पण भेंडीचं उलट आहे. तिला उगवायलाच गरम माती लागते. रात्रभर पाण्यात भिजवलेलं बी एप्रिलमध्ये पेरलं तर आठवड्याच्या आत मान वर काढतं आणि साधारण दीड महिन्याने, म्हणजे मृगाच्या तोंडावर, पहिली भेंडी हाती येते. बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, हीसुद्धा उन्हाची लेक. दोडका, कारलं आणि कोहळं हे वेल चालतात. (आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. त्याची गोड बोंडं खाल्ली नसतील तर विदर्भातल्या एखाद्या मावशीशी लगेच ओळख काढा.) ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी लाल माठ लावावा. महिनाभरात भाजी ताटात.

कोहळ्याच्या वेलाची एक गंमत सांगते. त्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. काही फुलांच्या खाली नुसता देठ असतो, ती नरफुलं. काहींच्या खाली सुपारीएवढं इवलंसं कोहळं आधीच बसलेलं असतं, ती मादीफुलं. कडक उन्हाळ्यात नरफुलंच जास्त येतात. मग आपण रोज फुलं मोजतो आणि फळ एकही दिसत नाही! अशा वेळी पहाटे उठायचं. फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं. एक नरफूल तोडून त्याच्या मधल्या दांडीवरचे पिवळे परागकण मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायचे. झालं. मधमाशीचं काम तुम्ही केलंत. चार-पाच दिवसांत ते इवलं कोहळं फुगायला लागलं तर समजायचं, जमलं. पिवळं पडून गळलं तर दुसऱ्या पहाटे पुन्हा.

जागा निवडताना मात्र डोकं लावा. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल अशी पूर्वेची बाजू उत्तम. पश्चिमेची भिंत म्हणजे मेमधली भट्टीच. कुंडी असेल तर तिच्याभोवती जुनं पोतं गुंडाळून ते ओलं ठेवा, म्हणजे मुळं भाजत नाहीत. मातीवर तणसाचा जाड थर पसरा. तणीस म्हणजे धानाचा पेंढा. भंडारा जिल्हा धानाचा, त्यामुळे आमच्याकडे त्याला तोटा नाही. तुमच्याकडे वाळका पालापाचोळा असेल, तोही चालेल. उघडी माती दुपारभर पाणी उडवत बसते, झाकलेली माती ते धरून ठेवते.

मातीसुद्धा आमच्याकडे फुकटची. आमचा जिल्हा तलावांचा. पूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या तलाव बांधले. साकोलीजवळचं शिवनीबांध आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध ही नावंच बघा ना. शिवाय शेताशेतात लहान बोड्या असतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा काळाभोर गाळ उघडा पडतो आणि शेतकरी तो गाड्या भरभरून बांधीत नेऊन टाकतात. त्यातलं घमेलंभर आमच्या सांदवाडीला मिळायचं. (कोरड्या दिसणाऱ्या गाळात पाय रुतू शकतो. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तलावात उतरायचं नाही म्हणजे नाही!)

पाणी कुणाचं?

इथवर सगळं सोपं होतं. खरी अडचण पुढेच आहे.

मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायचा. बादली खाली सोडली की पाण्याचा नाही, दगडाचा आवाज यायचा. आजीचा दंडक होता, या महिन्यात झाडांसाठी विहिरीतून एक तांब्याही काढायचा नाही. झाडांनी घरातलं उरलेलं पाणी प्यायचं. तेव्हा मला तो दुष्टपणा वाटे. आज विचार करते तर वाटतं, घरात प्यायला पाणी जपून वापरत असताना भेंडीला धार सोडणं तिच्या मनाला पटलंच नसतं.

मग आम्ही उरलेलं पाणी शोधायला लागलो. भातखाऊ घर आमचं. तांदूळ दोन वेळा धुतले जात, त्याचंच तांब्या-दोन तांबे पाणी निघे. भाज्या धुतलेलं पाणी, पाहुण्याने पेल्यात तळाशी ठेवलेलं पाणी, माठाखालच्या परातीत ठिबकलेलं पाणी. सगळं एका बादलीत. भांडी घासलेलं साबणाचं पाणी मात्र त्यात नाही, कारण पावडर आणि सोडा मातीत साठत जातो. तुम्हीही एक दिवस सकाळपासून झोपेपर्यंत असं पाणी जमवून मोजून बघा. आकडा वहीत लिहा. आईबाबा चकित होतात की नाही ते बघा.

पाणी घालायचं ते पहाटे किंवा दिवेलागणीला. दुपारी कोहळ्याची पानं मान टाकतात तेव्हा जीव कळवळतो, पण घाई करू नका. उन्हापासून बचाव करायची ती त्याची युक्ती असते. संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. नाही राहिली, तर मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा. आत कोरडं लागलं तर तांब्या उचला.

थोड्या पाण्यात वेल जगवायचा फार जुना उपाय म्हणजे मडकं. कुंभाराकडचं साधं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, त्यात पाणी भरायचं आणि भोवती वर्तुळात बिया लावायच्या. मडक्याच्या अंगातल्या बारीक छिद्रांमधून पाणी हळूहळू मातीत झिरपतं. माती कोरडी झाली की जास्त झिरपतं, ओली असली की थांबतं. जणू मडक्याला समजतं! चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथातही ही रीत सांगितलेली आहे. त्यावर झाकण मात्र घट्ट हवं, नाही तर डासांची शाळा भरेल. आणि एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. "हे जुनं मडकं आता पाणी गार करत नाही, बागेला घ्या," म्हणून आम्ही तेच पुरलं. चार दिवस झाले तरी पाण्याची पातळी तशीच! पाणी गार होतं तेच मुळी छिद्रांतून पाझरून उडाल्यामुळे. छिद्रं क्षारांनी बुजली, म्हणजे गारवाही गेला आणि झिरपणंही गेलं.

आणि मी लग्नाला गेले

सहावीची सुट्टी. आजीकडे एक बरबटी होती. तांबूस रंगाची, प्रत्येक दाण्यावर काळा ठिपका. ती तिने लग्नात माहेराहून, सानगडीकडून, पदराच्या गाठीला बांधून आणली होती म्हणे. त्या वर्षी डब्यात किड्यांनी बरंच खाल्लं होतं आणि जेमतेम मूठभर दाणे चांगले उरले होते. आजीने डबा माझ्या हातात दिला. "अर्धे पेर," म्हणाली. मला कुठला धीर! दोन रांगा छान दिसतील म्हणून मी सगळेच पेरले.

उगवले की! इतके टवटवीत की मी शेजारच्या मुलींना बोलावून बोलावून दाखवले. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. आणि मग मामेबहिणीचं लग्न आलं. आम्ही सगळेच गेलो, आजीसुद्धा. दोन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि आठ दिवस राहिलो. तिथे पन्हं होतं, आइस्क्रीम होतं, रात्री गच्चीवर गाण्याच्या भेंड्या होत्या. खरं सांगू? मला बरबटीची एकदाही आठवण आली नाही.

परत आलो तेव्हा सांदवाडीत दोन रांगा होत्या, पण वाळलेल्या काड्यांच्या. हाताने धरलं की भुगा होत होता. आजी किती तरी वेळ तिथे उभी राहिली. मग म्हणाली, "सारं पेरलंस काहून व पोरी? घरात दाणा नाही ठेवलास?"

बस्, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारची शाळा

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बसवलं आणि माझ्या हातात सुई दिली. ती गोधडी शिवत होती. जुनं सुती लुगडं वर, जुनं लुगडं खाली, मध्ये आजोबांची विरलेली धोतरं. घराच्या सगळ्या खिडक्यांना ओले पडदे, कूलरच्या वाळ्याचा वास आणि तो गप्प बसलेला मे महिना. पहिल्या दिवशी माझे टाके दारुड्याच्या चालीसारखे गेले होते. आजीने ते उसवले नाहीत. "राहू दे, खाली येतील," म्हणाली.

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. सुई खाली, वर, खाली, वर. जगात किती ठिकाणी हाच टाका जुन्या कापडाला पुन्हा कामाला लावतो! बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा होतो, बिहारमध्ये सुजनी. जपानच्या थंडगार उत्तरेकडे गरीब शेतकरी फाटक्या कपड्यांवर तुकडे ठेवून असाच टाका घालत. त्याला तिथे साशिको म्हणतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर तिकोनी तुकड्यांचं फूल लावतात, त्याशिवाय त्यांना गोधडी पूर्ण झाली असं वाटत नाही.

अख्खी गोधडी पहिल्याच सुट्टीत होणार नाही. तुम्ही बसकर करा, म्हणजे बसायचं छोटं आसन. दोन वीत लांब, दोन वीत रुंद. वर वेगवेगळ्या रंगांचे चार चौकोन जोडलेले, खाली एक अखंड तुकडा, मध्ये जुन्या सुती कापडाचे तीन-चार थर. कापड आधी धुऊन वाळवून घ्या. सगळे थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधून टाका. हा कंटाळवाणा भाग गाळलात तर थर सरकतात आणि मध्ये झोळ पडतो. मग चारी कडा आत दुमडून शिवा आणि कडेपासून बोटभर अंतर सोडत एकाआत एक चौकोन शिवत मधोमध या. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. तो मेणबत्तीवरून एकदा ओढला की गाठी कमी पडतात. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवायची. जाड भागात सुई अडली तर अंगुस्तान घाला, दात लावू नका!

आणि मुलगे हो, पान उलटू नका. गावातला शिंपी पुरुषच असतो ना? आपल्याच जिल्ह्यात आंधळगावला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या हातमागावर विणल्या जातात, तिथेही मागावर पुरुष बसतात. सुईला मुलगा-मुलगी कळत नाही, टोचायचं तेवढं ती दोघांनाही टोचते.

पालकांना एक विनंती. यासाठी नवीन कापड, नवा साहित्यसंच असं काही आणू नका. कपाटातली जुनी साडी काढून द्या आणि ती कधीची, ते तेवढं सांगा.

धोतराच्या पट्टीने केलेली करामत

त्या दुपारी एक गोष्ट घडली. गोधडीतून उरलेली धोतराची लांब पट्टी माझ्या हातून लवंडली आणि तिचं एक टोक पाण्याच्या पेल्यात पडलं. थोड्या वेळाने बघते तर काय, पट्टीचं दुसरं टोक फरशीवर ओलं आणि फरशीवर पाण्याचं छोटं तळं! मी आजीला दाखवलं. ती हसली. "समईतली वात तेल कसं पिते?"

हा प्रयोग तुम्ही नक्की करा. एक भरलेला पेला उलट्या डब्यावर ठेवा, एक रिकामा पेला खाली. सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी ओली करून तिचं एक टोक वरच्या पाण्यात बुडवा, दुसरं खालच्या पेल्यात सोडा. शेजारी तशीच दुसरी जोडी मांडा, पण पट्टी नायलॉनच्या किंवा टेरिकॉटच्या कापडाची. रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्ही खालच्या पेल्यांतलं पाणी मोजा. सुताच्या तंतूंना पाणी आवडतं. ते तंतूंमधल्या बारीक फटींतून वर चढतं आणि मग दुसऱ्या बाजूने उतरतं. विज्ञानाच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात. तुमच्या घरातली कुठली कापडं पाणी ओढतात आणि कुठली ओढत नाहीत याची यादीच करा. गोधडीला कुठलं कापड चांगलं तेही त्यातून कळेल, कारण जे पाणी टिपतं तेच घामही टिपतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही गावाला गेलो तेव्हा झाडांच्या मध्ये एक उंच स्टूल, त्यावर झाकलेली बादली, आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत उतरणारी एक-एक पट्टी. पट्टीचं टोक मातीत दोन बोटं पुरलेलं. चार दिवसांनी आलो तर बादली अर्धी झालेली आणि झाडं जिवंत. एका कुंडीतली पट्टी मात्र चिमणीने की कुणी ओढून काढली होती, ती मिरची गेली. तेव्हा गावाला जायच्या आधी दोन दिवस ही मांडणी करून बघा. पट्टी जाड झाली तर बादली एका रात्रीत रिकामी होते, तेही आम्ही करून बसलो आहोत.

दाणा कुणाकडे असतो?

बरबटीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच.

बी बाजारात मिळतं, मग एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ती बरबटी बाजारात नव्हती. आजीने जून लागायच्या आत दहा घरं पालथी घातली. ज्यांना ज्यांना तिने कधी वाटीभर बी दिलं होतं त्यांच्याकडे गेली. कुणी खाऊन टाकलं होतं, कुणाच्या डब्याचं पीठ झालं होतं. शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी फडताळातून एक पुरचुंडी काढली. राख लावलेले एकोणतीस दाणे. आजीनेच तीन वर्षांपूर्वी दिलेले. काकूंनी त्यातले पंधरा दिले आणि चौदा ठेवून घेतले. तेव्हा मला त्या कंजूष वाटल्या. केवढी ती माझी अक्कल!

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे एक लहान शेतकरी होते. 1983 साली त्यांना आपल्या बांधीतली धानाची तीन रोपं इतरांपेक्षा वेगळी दिसली. दुसऱ्या कुणी धानात धान म्हणून कापून टाकली असती. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, पुढच्या वर्षी शेताच्या मध्ये एवढ्याशा तुकड्यात लावलं, आणि वर्षानुवर्षं निवडत निवडत त्यातून बारीक तांदळाचं नवं वाण तयार केलं. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळं फार लोकप्रिय होती, म्हणून त्या तांदळाला नाव पडलं एचएमटी. तुमच्या डब्यात आज कदाचित तोच भात असेल. खोब्रागडे 2018 साली वारले. त्यांच्या धानाची सुरुवात तीन रोपांपासून झाली, हे मला फार आवडतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तर तुम्हाला ठाऊक असतील. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या आजींनी वाल, भात आणि भाज्यांची शेकडो गावरान बियाणी जमवून ठेवली. 2020 सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्या बी देतात ते पुन्हा बी परत यावं म्हणून, म्हणजे तेच काम, जे आमच्या आजीने गल्लीत आणि काकूंनी फडताळात केलं होतं.

दुकानातलं संकरित बी लावलं तर भाजी छान येते, त्यात वाईट काही नाही. पण त्या झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर येणारी झाडं आईसारखीच निघतील असं नाही. बी धरायचं असेल तर गावरान वाण मागून घ्या. कुणाकडे मिळेल? आजीकडे, मामाच्या गावी, घरी भाजी आणून देणाऱ्या मावशींकडे. विचारायला लाजू नका.

बटवा

आता सुट्टीचं शेवटचं काम. बी ठेवायला बटवा शिवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी जरी ओल राहिली तरी बी बुरसतं, सुती कापडातून हवा खेळते. एक वीत रुंद आणि दोन वीत लांब तुकडा घ्या, मधोमध दुमडा, उलट्या बाजूने दोन्ही कडा धावदोऱ्याने शिवा. तोंडाकडे बोटभर कापड दुमडून नेफा करा, त्यात नाडी ओवा आणि बटवा सुलटा करा. हात बसला की हाच मोठा केला की बाजारची पिशवी झाली. 2018 पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा ती आई हसत हसत वापरेल.

बी धरण्यासाठी वेलावरची सगळ्यात छान, निरोगी शेंग खायची नाही! ती तिथेच पिवळी पडून वाळू द्यायची. हे फार अवघड असतं, कारण घरात कुणी ना कुणी ती भाजीत घालतंच. म्हणून आजी तिला लाल चिंधी बांधून ठेवायची. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. वाळलेली शेंग सोला, दाणे सावलीत चांगले वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओला आहे. मग चुलीची चाळलेली कोरडी राख चोळा, कडुलिंबाचा वाळका पाला घाला आणि बटवा बांधा. चिठ्ठीवर भाजीचं नाव, बी कुणी दिलं त्याचं नाव आणि साल लिहून आत टाका. जूनमध्ये काही पेरा, काही ठेवा, काही मैत्रिणीला द्या.

हो, आणि शाळेच्या परसबागेचं काय? आता पुष्कळ शाळांमध्ये पोषण आहाराच्या भाजीसाठी परसबागा आहेत. सुट्टी लागली की मुलं घरी आणि रोपं उन्हात. गल्लीतल्या सात जणांनी वार वाटून घेतले तर आठवड्यातून एकदाच पाळी येते. बाईंना किंवा सरांना विचारून फाटकाची किल्ली कुणाकडे राहील ते आधी ठरवा. एकाच्या घरी लग्न निघालं तर दुसऱ्याने जायचं, हे तर मी तुम्हाला सांगायलाच नको.

त्या पंधरा दाण्यांपैकी आम्ही मृगानंतर दहा पेरले. नऊ उगवले. एक शेळीने खाल्लं. दिवाळीच्या आधी मी पहिल्यांदा शिवलेला वेडावाकडा बटवा भरला, आणि त्यातले मूठभर दाणे घेऊन मागच्या गल्लीत काकूंकडे गेले. त्यांनी ते मोजले नाहीत. फडताळातली आपली पुरचुंडी काढली, त्यात ओतले आणि गाठ मारली. एवढी घट्ट, की नंतर ती सोडवायला सुईच लागली.